टिपणीस सरांचा डावा गाल

"हे कोण?" टिपणीस काकूंनी विचारलं.

समोर पाटावर त्यांच्या यजमानांचा अर्धपुतळा होता. ओल्या शाडूचा, अजून चकाकत असलेला. कारखान्यात आम्ही चौघंच होतो. काकू, त्यांची मुलगी कुमुद, माझे नानाकाका आणि मी. उत्तर मीच द्यायला हवं होतं, कारण पुतळा मी केला होता.

"सर आहेत," मी म्हणालो.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "छान आहेत," त्या म्हणाल्या, "पण आमचे नव्हेत."

कुमुदनं पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "आई, गौर आहे गं ही. मिशा लावलेली गौर."

नानाकाका मागून म्हणाले, "दिगू, ओटी भरायला खण आणू का?"

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो. कुणी हसलं की माझे कान आधी तापायचे आणि मग मला कळायचं की लोक हसताहेत. त्यात कुमुदचं म्हणणं खरं होतं, हे अधिक वाईट होतं.

आमचा पेणमध्ये गणपतींचा कारखाना. तीन पिढ्या आम्ही हात केले, पाय केले, पोट केलं, पीतांबराच्या चुण्या केल्या, आणि मानेच्या वर सोंड केली. माणसाचं तोंड करायची वेळ आमच्यावर वर्षातून एकदाच यायची, गौरींच्या मुखवट्यांच्या वेळी. तेही साच्यातून काढायचं. डावं-उजवं तंतोतंत सारखं, गाल गुळगुळीत, डोळे कानाकडे ओढलेले. तोच हात मी सरांवर फिरवला होता. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

टिपणीस सरांनी आम्हाला गणित शिकवलं. आदल्या वर्षी हृदयविकारानं गेले. शाळेनं ठरवलं, जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात त्यांचा पुतळा बसवायचा. गणपतीचा हंगाम संपला होता, कारखाना रिकामा होता, आणि मी सरांचा विद्यार्थी, म्हणून काम माझ्याकडे आलं. अट एकच. काकूंनी 'हो' म्हणायला हवं. नाही म्हणाल्या तर पुतळा नको, फोटो लावू, असं ठरलं होतं.

निघताना काकू उंबऱ्यावर थांबल्या. "दिगू, रागावू नकोस हो. माझी अडचण वेगळीच आहे. डोळे मिटले की मला ते दवाखान्यातलेच दिसतात. नाकात नळी, गाल बसलेले. ते पंधरा दिवस सारखे पुढ्यात येतात आणि आधीची तीस वर्षं कुठं गेली ते सापडत नाही. फोटो बघते, पण फोटोत माणूस सपाट असतो. तुझ्या हातून गोल होऊन आले असते तर बरं झालं असतं."

त्या गेल्यावर नानाकाकांनी तंबाखू मळली. "फोटो लावा म्हणावं. आपण सोंडेचे कारागीर."

"मला अजून महिना द्या."

"महिन्यात काय करणार?"

"शिकेन."

"कुणाकडून?"

मला जे काही येत होतं ते पुस्तकातूनच आलं होतं. सायकलसुद्धा मी आधी वाचून मग पडलो होतो.

पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालं. कुणा डॉक्टर झालेल्या, किंवा न झालेल्या, मुलानं विकलेला शरीरशास्त्राचा ग्रंथ. त्यातला फक्त डोक्याचा आणि मानेचा खंड. बांधणी सुटलेली, पण चित्रं शाबूत. कातडीखालचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो दुकानाच्या पायरीवर बसून. संध्याकाळ झाली तरी तिथंच होतो.

चेहरा म्हणजे एक गुळगुळीत चेंडू आणि त्याला चिकटवलेलं नाक-डोळे-तोंड, असं मी आजवर धरून चाललो होतो. आत तर सगळा दोऱ्यांचा खेळ होता. गालाच्या हाडावरून निघून ओठाच्या कोपऱ्याला धरणारा एक पट्टा, तो ओढला की माणूस हसतो. त्याचं नाव झायगोमॅटिकस. डोळ्याभोवती एक गोल, मनापासून हसताना तो आवळतो, खोटं हसताना आवळत नाही. जबड्याच्या कोनावर जाडजूड मॅसेटर, चावायचा. आणि वरचा ओठ आणि नाकपुडी एकत्र उचलून तुच्छता दाखवणारा एक चिमुकला स्नायू, त्याचं नाव लिव्हेटर लॅबाय सुपीरिऑरिस अलिक्वी नेझाय. एवढ्याशा नाक मुरडण्याला एवढं मोठं नाव. मी ते आंघोळ करताना म्हणायचो. आई बाहेरून विचारायची, कुठलं स्तोत्र रे हे.

पुढचे आठ दिवस मी शुद्धीवर नव्हतो असंच म्हणावं लागेल. रस्त्यानं जाताना मला माणसं दिसेनाशी झाली, स्नायू दिसायला लागले. पोस्टमन कपाळाचा फ्रंटॅलिस उचलून पत्ता वाचत होता. एका लग्नात सासरी निघालेली नवरी रडली, सगळ्यांनी डोळे पुसले, आणि मी मांडवाच्या खांबाआडून तिच्या ओठांचे कोपरे कोण खाली ओढतंय ते पाहत होतो. मासळीबाजारात कोळणीनं एका गिऱ्हाईकाचा भाव ऐकून नाक मुरडलं. लिव्हेटर लॅबाय, जिवंत, दोन हातांवर. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"काय रं," ती म्हणाली, "बघायची ती मासळी खाली हाय, टोपलीत."

मी इतका आनंदात होतो की कान तापायचेच राहिले.

पण चित्रातला माणूस कुणीही होता. मला हवा होता टिपणीसांचा जबडा. तो एकाच ठिकाणी शिल्लक होता, कुमुदच्या चेहऱ्यावर. हे तिला कसं सांगायचं याची मी तीन दिवस कागदावर वाक्यं लिहिली. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा मागच्या अंगणात पोह्यांच्या पापडांचं काम चालू होतं. कुमुद पोळपाटापाशी होती, काकू आत.

"तुमचा सांगाडा सरांसारखा आहे," मी म्हणालो. लिहिलेलं वाक्य हे नव्हतं.

तिनं लाटणं थांबवलं. "दिगंबरराव, मुलीशी बोलायला सुरुवात कुठून करायची तेही पुस्तकात बघून आलात का?"

मी खंड उघडून चित्र दाखवलं. तिनं पिठाचे हात मागे धरून मान वाकवून ते पाहिलं. "हे सगळं माझ्यात आहे?"

"सगळ्यांतच आहे."

"काकूंच्यात पण?" म्हणजे शेजारच्या. त्या तोंडानं प्रसिद्ध होत्या.

"त्यांच्यात जरा जास्त विकसित असेल."

कुमुद हसली, आणि मी चटकन म्हणालो, "तशाच थांबा." ती थांबली. हसण्यात अशी थांबलेली मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती. मग मी सांगितलं की मॅसेटर बघायचा तर काहीतरी चिवट चावावं लागेल. तिनं पापडाची एक लाटी उचलून तोंडात टाकली आणि कर्तव्य असल्यासारखी चावू लागली.

"दिसतंय का?"

"बोलू नका. दिसतंय. पण... हात लावून बघावं लागेल."

"लावा की. पाप लागणार असेल तर ते पुस्तकाला लागेल."

मी दोन बोटं तिच्या जबड्याच्या कोनावर ठेवली. आत स्नायू उठत होता, बसत होता. माझ्या बोटांना शाडू, माती, रंग, सगळं माहीत होतं, पण आतून हलणारा गाल माहीत नव्हता. चेहरा आतून बाहेर येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं ते तिथं.

आतून काकूंचा आवाज आला. "कुमे, कितवी लाटी?"

"शास्त्राची आहे, आई."

"शास्त्राच्या चार झाल्या. मोजतेय मी."

त्यानंतर मी रोज गेलो. कुमुदनं भुवया उचलल्या, नाक मुरडलं, राग आणला, जांभया दिल्या. चणे खाल्ले, लाट्या संपल्यावर. मी वहीत आकृत्या काढायचो आणि घरी येऊन मातीला सांगायचो.

या वेळी मी आतून सुरुवात केली. आधी कवटी केली. डोळ्यांच्या खोबणी, गालाची हाडं, दात. मग एकेक स्नायू पट्टीसारखा लाटून लावला. नानाकाका आले तेव्हा सरांना कातडी चढायची होती.

ते दारातच थांबले. "हे काय, सोललंस की काय सरांना?"

"उद्या कातडी घालतो."

"घाल बाबा. गणपती निघायची वाट आहे ही, आणि तू वाटेवर असलं ठेवतोस." पण जाताना ते परत वळले, जबड्यावरून अंगठा फिरवला, आणि काही बोलले नाहीत. नानाकाका गप्प राहिले की समजायचं बरं झालंय.

कातडी चढली. शाळेनं सरांच्या निरोप समारंभातला मोठा फोटो दिला होता, जाण्याआधी सहा महिन्यांचा. तो समोर ठेवून मी सगळं मोजून घेतलं. कपाळ जमलं, नाक जमलं, डोळ्यांखालच्या पिशव्या तर इतक्या जमल्या की मीच दचकलो. राहिलं होतं हसू.

सरांचं हसू पेणमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पूर्ण नाही, डाव्या बाजूला थोडंसं. सर कमी बोलायचे, गणित सुटलं की मुलाकडे बघून ते डावं हसू द्यायचे. ते मिळावं म्हणून आम्ही घरी भूमिती सोडवायचो. मी डावा झायगोमॅटिकस ओढला. ओठाचा कोपरा वर गेला. मी मागे सरून पाहिलं आणि कुमुदला बोलावून आणलं.

ती पुतळ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं, आणि कुठल्या स्नायूनं काय केलं हे पाहायचं मला सुचलं नाही.

"बाबाच आहेत," ती म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "पण खोटं हसतायत. मतं मागायला आल्यासारखे."

मी कोपरा खाली आणला. सर खिन्न झाले. पुन्हा वर नेला, मतं मागू लागले. डोळ्याभोवतीचा गोल आवळला तर सर डोळा मारत आहेत असं दिसायला लागलं. असे सहा दिवस गेले. संमेलनाला बारा दिवस उरले. काकू रविवारी येणार होत्या. मला वाटू लागलं की मी मुळात सोंड पुसणाराच माणूस, उगाच चार लॅटिन नावं पाठ करून सरांच्या तोंडाला हात घातला. फोटो बगलेत मारून मी राऊतांच्या सलूनमध्ये गेलो. दाढी वाढली होती, म्हणून.

राऊतदादांनी सरांची दाढी पंचवीस वर्षं केली होती. मला साबण लावता लावता त्यांनी आरशाला टेकवलेला फोटो पाहिला आणि हसले.

"काय झालं?"

"काही नाही. खांड दिसतंय."

"कसलं खांड?"

त्यांचा ब्रश थांबला. "मी काही बोललो नाही."

"राऊतदादा, मला सरांचं हसू मिळत नाहीये. काकू रविवारी येतायत."

"कुठलं हसू?"

"हे काय, हे डावं."

राऊतदादांनी बाहेर पाहिलं, दुकानाचं दार लोटलं, आणि आरशाखालचा खण उघडून एक पितळी डबी काढली. झाकण उघडलं. आत सुपारीची खांडं होती, आणि एक बारीक अडकित्ता.

"सरांची," ते म्हणाले. "दाढ तुटली तेव्हा बाईंनी शपथ घातली ना, सुपारी बंद. त्याला झाली सहा-सात वर्षं. घरी बंद केली. ही इथं असायची. दर रविवारी दाढी झाली की आठवड्याची कातरून न्यायचे. सकाळी शाळेत जाताना एक खांड डाव्या गालात, दिवसभर, ही सवय तर पहिल्यापासूनची. हसू कसलं, दिगूभाऊ. गाल आत दाबून धरलाय, खांड सरकू नये म्हणून. वस्तरा फिरवताना मला तिथं दर वेळी जपावं लागायचं. आता ही डबी कुणाला देऊ सांगा. टाकवत नाही." मग त्यांनी वस्तरा माझ्या गळ्याशी आणला. "कुणाला बोलायचं नाही. मला त्यांनी शपथ घातलीये."

त्या अवस्थेत कुणीही शपथ घेतली असती. मी घेतली.

घरी पळत आलो तो अर्धी दाढी तशीच ठेवून. खंड उघडला. गालाच्या आतला, दातांना लागून असलेला एक स्नायू होता, बक्सिनेटर. खोलवरचा, वरून दिसत नाही, म्हणून मी त्याचं पान वगळलं होतं. तो ओठाचा कोपरा वर नेत नाही. आत दाबतो. सर हसतच नव्हते, म्हणून हसण्याच्या कुठल्याही दोरीनं ते हसू येत नव्हतं.

मी तिथंच मातीत बसून एकटा हसत होतो. नानाकाका पाहून गेले.

मग हसू ओसरलं आणि घाम फुटला. आमच्या अख्ख्या गावानं जे हसू जपून ठेवलं होतं ते सुपारीचं होतं. कुमुदनं शाळेत ते किती वेळा मिळवलं असेल. ते करायचं तर मला खांड करावं लागणार, आणि खांड केलं तर सर काकूंपुढे पकडले जाणार. गौर करून ठेवली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. मी दोन दिवस मातीला हात लावला नाही. शेवटी एवढंच वाटलं की काकूंनी गोल होऊन आलेला माणूस मागितला होता, आणि माणूस खांडासकट होता. मी कोपरा आत दाबला, गालात किंचित फुगवटा दिला, आणि डाव्या बाजूचा मॅसेटर दिवसभर चावणाऱ्या माणसाचा असावा तसा भरला.

रविवारी काकू आल्या. कुमुद सोबत होती. मी ओलं फडकं काढलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला कुणाचाही चेहरा पाहायचा नव्हता, जिवंत किंवा मातीचा.

मागे पावलं पुतळ्यापर्यंत गेली. मग काकू म्हणाल्या, "आले."

मी वळलो. काकू पुतळ्याच्या अगदी जवळ होत्या. त्यांचा हात सरांच्या कानामागे होता, जसा घरच्या माणसाचा असतो. मग तो हात डाव्या गालावर आला. थांबला. अंगठ्यानं त्यांनी तो फुगवटा चाचपला.

"दिगू, हा चेहरा कधीचा?"

"निरोप समारंभाचा, काकू."

"म्हणजे शपथेनंतर पाच वर्षांनी."

मी भिंतीकडे पाहिलं.

"सोडली म्हणाले होते मला," काकू पुतळ्याला म्हणाल्या. "देवासमोर उभं राहून म्हणाले होते." त्यांचा आवाज कापला आणि मला वाटलं, संपलं. पण त्या हसत होत्या. आधी खांदे, मग पदर तोंडाशी, मग त्या चक्क गणपतीच्या रिकाम्या पाटावर बसल्या. "आणि घरी आले की आधी मागच्या दारी. जास्वंदीपाशी जाऊन चूळ भरायचे. मी शेजारणींना सांगायची, आमच्यांना स्वच्छतेची फार आवड."

"आई, काय झालं?"

"सुपारी गं. हे बघ, इथं. तुझे बाबा मरेपर्यंत सुपारी खात होते."

कुमुदनं गालाला हात लावला. तिला कळायला एक क्षण गेला. मी त्या क्षणाला घाबरत होतो. "म्हणजे शाळेत," ती हळू म्हणाली, "माझं उत्तर बरोबर आलं की बाबा हसायचे ते..."

"सुपारी."

"आणि घरी?"

"घरी कशाला सुपारी लागतेय? तोंड धुऊन आत यायचे आणि तुला पाहिलं की सगळ्या दाढा दिसेपर्यंत हसायचे. आठवत नाही? मी म्हणायची, मिटा तोंड, माशी जाईल."

कुमुदला आठवलं असावं. कारण तीही पाटावर बसली, आईला चिकटून, आणि मग दोघींना बोलताच येईना. नानाकाका आतून आले, आम्हा तिघांना पाहून म्हणाले, "पुन्हा गौर झाली का?" त्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "ठेवायचे कुठं रे?"

मी शपथ घेतली होती.

"नको सांगूस. दाढीला रविवारी दोन तास कुणाला लागतात? राऊतांकडे." त्या उठल्या. फडकं त्यांनी स्वतः पुतळ्यावर घातलं, मानेपासून, अंगावर पांघरूण घालावं तसं. "कर मग पक्कं. काही बदलू नकोस. काल निजताना नळीच दिसत होती मला. आज बघू काय दिसतं."

त्या पुढे गेल्या. कुमुद दारात रेंगाळली. "झालं का मग तुमचं शिकून? चणे बंद करायचे का?"

मी म्हणालो, "अभ्यास बाकी आहे." हे वाक्य मी कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं.

अभ्यास अजून बाकी आहे. पंचावन्न वर्षं झाली. माणसांची डोकी मी त्यानंतर आणखी दोनच केली, बाकी आयुष्य सोंडांत गेलं. त्या दोहोंबद्दल मला आजही खात्री नाही.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात चौथऱ्यावर सर बसले, प्लास्टरमध्ये ओतलेले, ब्राँझचा रंग दिलेले. संस्थेच्या अध्यक्षांनी पडदा दूर केला. गर्दीतून एकच आवाज उठला, आणि मग मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "हसू बघ, तेच." हार झाले. अध्यक्षांनी भाषणात त्या हसऱ्या, मितभाषी चेहऱ्याचा तीनदा उल्लेख केला. कुमुद खाली मान घालून ओठ चावत होती.

शेवटी काकूंना बोलावलं. त्या हार न घेता वर चढल्या, कमरेच्या बटव्यातून कातरलेली सुपारी काढली आणि पुतळ्यापुढे ठेवली. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, आपल्याकडे विडा-सुपारी देऊन मान करण्याची पद्धत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, तिसऱ्या रांगेत राऊतदादांचा चेहरा पडला, मग फुलला. ते उठले, टोपी सारखी करत वर आले, आणि खिशातून पितळी डबी काढून सुपारीच्या शेजारी ठेवून गेले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हार सावरायला मी चौथऱ्यामागे उभा होतो, म्हणून मला तेवढं ऐकू आलं. काकूंनी डबी सरांच्या जरा जवळ सरकवली आणि हळूच म्हणाल्या, "घ्या. आता मागच्या दारी जायला नको."